वाशी पुलावर ळ

पुलाच्या मध्यावर आपला देश संपतो.
हे वाक्य अजून तोंडात बसत नाही,
नव्या कवळीसारखं हिरडीला लागतं.

सव्वा वर्ष झालं सात बेटांच्या गणराज्याला.
नाळ पक्ष निवडून आला, आणि टोलच्या एका खिडकीत
मला बसवलं. एकतीस वर्षं चेंबूरच्या पालिका शाळेत
तिसरीला शिकवलं, म्हणून हुद्दा: उच्चार-परीक्षक.
पंखा, स्टूल, दोन वेळचा चहा.

नियम पुस्तिकेत पान चारवर आहे.
ज्याची नाळ या मातीत पुरली, त्याला ळ येतो.
येत नसेल, तर नाळ दुसरीकडे.
तीन शब्द विचारायचे: नाळ, काळ, मूळ.
जमले तर निळा शिक्का.
नाहीतर पलीकडच्या बाकावर बसायचं.
पुढे गाडी येते. गाडीचं मी विचारत नाही.

धारावीचे तमिळ ळ असा काही फेकतात
की पर्यवेक्षक पुस्तिका पुन्हा उघडून बघतो.
मारवाडी दुकानदारही सुटतात.
अडकला तो घाटकोपरच्या प्रसूतिगृहात जन्मलेला इस्त्रीवाला,
आणि एक मुलगी, पुढचे दात पडलेली.
तिला मी पास केलं. दातांबद्दल पुस्तिकेत काही नाही.

पर्यवेक्षक प्रद्योत विजयकर माझाच विद्यार्थी.
तिसरीत तो फळ्याला फल्या म्हणायचा.
मी त्याला खिशातला आरसा दिला,
जीभ वर, मागे वळव, हं, आता सोड.
पुन्हा म्हण. पुन्हा म्हण.
श्रावण संपला तेव्हा कुठे त्याला ळ आला.
आता त्याच्या छातीवर चांदीचा ळ आहे.

परवा दुपारी भरतीच्या वेळेला
ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातून हिरूबाय आली.
पाटीत सुके बोंबील, वर केळीचं पान.
कुठे निघालात?
"दिवाल्याला. पोरीकरं. बालंतीन हाय ती."
विजयकरने मान वर केली.
मी म्हटलं, बाई, नाळ म्हणा.
"नाल."
काळ.
"काल."
मूळ म्हणा. सावकाश.
ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गात पहिल्या दिवशी
पोरं बघतात तशी, मग म्हणाली,
"मूल."

नाल तर नाल, तिने स्वतःहून सांगितलं,
तिची, तिच्या आयची, आयच्या आयची,
सगल्यांची त्या खारीन हाय. बोट खाली दाखवलं.
पुलाखाली पाणी चिखलाच्या रंगाचं.
दंड किती ते विचारून तिने कनवटीची नोट काढली,
आपली नवी, दहा होनांची.
नोटेवर पाटी घेतलेली कोळीण आहे, नाकात नथ.
मी नोट उलटी ठेवली.

रजिस्टरात लिहिलं: परत पाठवली.
बाकावर बसवली नाही, एवढंच केलं मी.
एवढंच, हे दोनदा लिहून दोनदा खोडलं.

तासाभराने खांबांच्या सावलीतून
एक छोटी होडी पलीकडे निघाली.
वल्ह्यावर एक पोरगा, मध्ये पाटी,
पाटीमागे हिरवं लुगडं.
पाण्यावर आपली खिडकी नाही.
मी स्टूल जरा सरकवलं,
म्हणजे माझी पाठ आडवी येईल.

तरी विजयकर कठड्याशी आला.
"गुरुजी, खाली कोण चाललंय?"

घसा कोरडा पडला होता.
जीभ वर गेली, पण मागे वळेना.
"कुणी नाही," मी म्हटलं,
"आपले कोली आहेत."

त्याने होडीकडे पाहिलं नाही.
खिशातून काहीतरी काढून
माझ्या टेबलावर ठेवलं, काचेची बाजू वर.
"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.